बिनशाईचं पान

कोंगो विकत घ्यायला मी लासलगावला गेलो, इथूनच माझी फसगत सुरू झाली. लासलगावला माणूस कांदा विकायला जातो, घ्यायला जातो, फार तर ट्रॅक्टरच्या रांगेत अडकायला जातो. वाद्यं घ्यायला कोणी जात नाही. पण तिथल्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रावाल्यानं मोबाइलवर फोटो टाकला होता, जोडी स्वस्तात काढायची आहे म्हणून, आणि फोटोत ती जोडी मोठी रुबाबदार दिसत होती. प्रत्यक्षात ती कांद्याच्या चाळीत एका कोपऱ्यात उभी होती. एकाचं पान, म्हणजे वरचं चामडं, उंदरांनी खाल्लेलं, दुसऱ्याचं मधोमध टरकलेलं, आणि दोन्हींची लोखंडी कडी गंजून लालभडक. फोटोत लाल दिसत होतं ते हेच का, असं मी त्या माणसाला विचारलं. तो हसला आणि काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही, म्हणून मीही हसलो, आणि व्यवहार झाला.

असं हसणं मला फार चांगलं जमतं. आधी कानांचं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये माझी सगळी नोकरी गेली. दिवसभर पत्र्यावर प्रेस आपटायचा. कानात घालायला बोळे मिळायचे, ते मी खिशात ठेवायचो, कारण यंत्राच्या ठोक्यावर मनातल्या मनात ढोलकी वाजवायची मला खोड होती. त्या खोडीचं फळ आता भोगतोय. बारीक, उंच आवाज आधी गेले. कुकरची शिट्टी गेली, मोबाइलची रिंग गेली, फोनवरचं मुलीचं बोलणं अर्धं गेलं. मग माणसांच्या बोलण्यातली अक्षरं गळायला लागली. स, श, फ ही अक्षरं नुसत्या हवेची असतात, ती माझ्यापर्यंत पोचतच नाहीत. जड आवाज मात्र अजून येतात. ट्रक येतो, दार आपटलेलं येतं, बायको चिडली की तीही येते. कानाचं यंत्र घेतलं होतं. त्यात बोलणं थोडं कळायचं, पण पेटी वाजायला लागली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं व्हायचं. ते यंत्र कपाटात गेलं. घरात हे सगळं बायकोला ठाऊक होतं, बाहेर कोणालाच नाही.

आणि मी ढोलकीवाला. आमच्या सिडकोतल्या वस्तीत आमची एक गायन पार्टी आहे. माझा साडू पेटी वाजवतो आणि गातो, एक बेंजोवाला आहे, मागे कोरसला बायका आणि दोन-तीन पुरुष. माझी बायकोही कोरसमध्ये. लग्न, कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, घराची वास्तू, सगळीकडे आम्ही जातो, पण खरा मान एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमाचा. त्या दिवशी अख्खी वस्ती समोर बसलेली असते. ढोलकीवर मी लग्नाआधीपासून बसतोय. पार्टी म्हटलं की साडूची पेटी आणि माझी ढोलकी, असंच सगळे धरून चालायचे.

ढोलकीच्या एका तोंडाला शाई असते. पानाच्या मधोमध तो काळा गोल दिसतो ना, तीच शाई. तिच्यामुळे आवाज खणखणीत आणि उंच निघतो, आणि ती बाजू पेटीच्या सुरात लावून घ्यायची असते. गेल्या जयंतीला मी ती लावली, मला वाटलं उतरली आहे, आणखी चढवली, तरी काही येईना, आणखी चढवली. लोक माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, रंगात आलेत. साडू कार्यक्रमानंतर काहीच बोलला नाही. तो माझ्यापेक्षा लहान, आधी मला काय वाटेल ते तोंडावर सांगायचा, भर तालमीत ओरडायचा. त्या दिवशी त्यानं माझ्यासाठी स्वतः चहा आणला. पुढच्या तालमीला गेलो तर एक नवा ढोलकीवाला येऊन बसलेला, आणि माझ्या जागेवर खंजिरी ठेवलेली.

"दादा, तुम्ही आता कोरसला बसा, जरा आराम करा," साडू म्हणाला. हे वाक्य मात्र मला बरोबर ऐकू आलं.

खंजिरीच्या चकत्यांचा आवाज मला अजिबात येत नाही. हातात धरून हलवायची आणि वाजतेय असं समजायचं. वर्षभर मी ती हलवत होतो. नवा ढोलकीवाला चांगला वाजवतो म्हणे. मला त्याचा राग नव्हता. राग त्या खंजिरीचा होता.

पार्टीत कोंगो मात्र कोणी वाजवत नव्हतं. कोंगो म्हणजे कमरेएवढे उभे, लांबट पिंपासारखे, हातानं वाजवायचे. मोठ्या दुकानात त्याला काँगा म्हणतात, आमच्यात कोंगोच. त्याच्या पानाला शाई नसते, नुसतं जाड चामडं ताणलेलं असतं. एका लग्नात ऑर्केस्ट्रावाले जेवायला गेले होते, तेव्हा मी त्यांच्या कोंगोवर सहज थाप टाकली. आवाज कानात आलाच नाही, सरळ पोटात आला. गुडघे त्याला टेकलेले होते, तर गुडघ्यातही आला. मी तिथंच उभ्या उभ्या एक अख्खा ठेका वाजवला आणि एकही मात्रा चुकलो नाही. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा पंगतीत जाऊन जेवलो.

साडूला सांगितलं, यंदा जयंतीला मी कोंगोवर बसतो. त्यानं पेटीचा भाता बंद करत म्हटलं, "आणा तर खरं. तालमीत बघू." बघू या शब्दाचा आपल्याकडे काय अर्थ होतो ते कोणाला सांगायला नको. जमलं तर कोंगो, नाही जमलं तर मरेपर्यंत खंजिरी, असा माझ्यापुरता त्याचा अर्थ होता.

तर ते कोंगो घरी आले. आधी कडी सोडवायची होती. पान एका कड्यावर गुंडाळलेलं असतं, वरून दुसरं कडं बसतं, आणि बाजूनं लांब बोल्ट लावून ते खाली खेचायचं. जितकं खेचाल तितकं पान ताणतं. यात काही अवघड नाही, मी आयुष्यभर नट-बोल्टच आवळलेत. पण ते नट ज्यानं बनवले त्याला देव तरी माफ करो, मी नाही करणार. एक पाना सैल व्हायचा, त्याच्या खालचा बसायचाच नाही. मेट्रिक चालेना, इंची चालेना. "पानासाठी पाना लागतो आणि पानाच सापडत नाही," मी बायकोला म्हणालो. तिला विनोद कळला नाही, किंवा कळला आणि तिनं हसायचं नाकारलं. शेवटी कानस घेऊन एक जुना पाना घासून मापाचा केला. गंजलेल्या बोल्टांपैकी एक तुटलाच, आणि तसला बोल्ट अख्ख्या नाशकात मिळेना. मी तो लेथवाल्याकडून करून घेतला. तो आखूड झाला. दुसरा केला.

मग पान. ढोलपथकांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलो. तिथला माणूस मला चामड्याचं नावच काढू देईना.

"काका, आजकाल चामडं कोण घालतं? प्लॅस्टिक टाका. उन्हाचं टेन्शन नाय, पावसाचं टेन्शन नाय."

"आवाज जड पाहिजे," मी म्हटलं.

"लय जड येतो," तो म्हणाला. दुकानातल्या ढोलावर त्यानं धपकन हात मारून दाखवला. ढोल जड वाजणारच, तो ढोल आहे. मी मूर्खासारखं ते पान घेतलं, घरी आणून बसवलं, आवळलं आणि वाजवलं. माझ्यापर्यंत टपटप एवढंच आलं, नळ गळतो तेवढं. बायको मात्र स्वयंपाकघरातून दोन्ही कानांवर हात ठेवून बाहेर आली. म्हणजे आवाज होता, भरपूर होता, फक्त माझ्यासाठी नव्हता.

म्हटलं, आता आपणच चामडं लावू. म्हशीचं जाड कातडं मिळवलं. ते आधी भिजवून मऊ करावं लागतं. भिजवायला भांडं कुठलं, तर आंघोळीची बादली. त्या वासाबद्दल मी फार लिहीत नाही. बायको बहिणीकडे गेली, म्हणजे साडूच्याच घरी, आणि जाताना दारात उभी राहून मला स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, एक तर ते तरी ठेवा नाहीतर मला तरी!" मी बादली गच्चीवर नेली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन काहीतरी बोलून गेले. मी हो हो म्हणालो. नंतर कळलं, त्यांनी विचारलं होतं की गच्चीवर काही मेलंय का.

भिजलेलं कातडं कड्यावर घेतलं, ओढून ओढून सारखं केलं, वरचं कडं बसवलं. ओलं पान हलकंच आवळायचं, सावलीत वाळू द्यायचं, मग रोज थोडं थोडं ताणायचं. हे मला ठाऊक होतं. पण मार्च लागला होता, तालीम तोंडावर आली होती, आणि माझ्यात धीर असता तर मी प्रेस शॉपमध्ये कशाला गेलो असतो. मी ते आवळलं आणि भर उन्हात ठेवलं. दुपारी खाली जेवत होतो. वर एकदम धाडकन आवाज झाला. गेलो तर कातडं कडेला फाटून कड्यातून सुटलेलं. एवढ्या सगळ्या खटाटोपात त्या कोंगोचा एकच आवाज मला नीट ऐकू आला, तो हा.

मी गच्चीवर बसलो आणि चक्क रडलो. चिडून रडलो. वय काय, करतोय काय, आणि कशासाठी, तर चार माणसांत बसून थाप मारायला मिळावी म्हणून. कोपऱ्यात बसून खंजिरी हलवणारे कितीतरी म्हातारे सुखात जगतात. मला ते का जमत नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग ते घेऊन मी भद्रकालीच्या एका बोळात गेलो. तिथं तबला-ढोलकीची पानं चढवणारे एक मामा बसतात. माझी ढोलकी मी कायम त्यांच्याकडेच न्यायचो. मामांचा हात चांगला, पण स्वभाव असा की गिऱ्हाईक म्हणजे अडाणी, त्याला काय पाहिजे ते आपण ठरवायचं. त्यांनी कोंगो उलटेपालटे केले, नाक मुरडलं, आणि नवं म्हशीचं कातडं मी सोबत नेलं होतं ते बाजूला ठेवलं.

"जाड पान पाहिजे, मामा. जड आवाज," मी दोनदा सांगितलं.

बोळात गर्दी होती, शेजारी भांड्यांच्या दुकानात ठोकाठोक चालली होती. मामा खाली मान घालून एका तबल्याची चामड्याची वादी ओढत होते. वादी ओढता ओढता त्यांनी मला विचारलं, "घाई करायची ना?"

आंधळा मागतो एक डोळा. मला तर घाईच होती. "करा, करा!" मी म्हटलं. "जेवढी होईल तेवढी करा, मामा. काटकसर करू नका." मामांनी वर बघितलं, खूश दिसले, आणि मान हलवली. मला वाटलं, चला, एक माणूस तरी भेटला ज्याला माझी निकड कळते.

तालमीच्या दिवशी संध्याकाळी कोंगो न्यायला गेलो. मामांनी दोन्हींवर फडकं झाकलं होतं. ते त्यांनी एखाद्या उद्घाटनासारखं काढलं. खाली दोन पानं, पांढरी, पातळ, बकरीची, आणि दोन्हींच्या मधोमध मोठाले, जाड, चकाकणारे, काळे गोल.

"ही शाई कोणी सांगितली?" मी ओरडलो. बोळातली माणसं थांबली.

"तुम्हीच की," मामा म्हणाले.

"मी? मी शाई सांगितली? कोंगोला शाई?"

"विचारलं नाय का तुम्हाला? तुम्ही म्हणला, करा करा, काटकसर करू नका. म्हणून तर चांगली थर देऊन केली. म्हशीच्या कातड्यावर शाई धरत नाय, म्हणून बकरीचं टाकलं. शाईचं काही घेतलं पण नाय तुमच्याकडून!"

"तुम्ही घाई म्हणालात!"

"घाई कशाला विचारू? घाई तर सगळ्यांनाच असती. शाई म्हटलं मी. शाई!"

या वेळी ते माझ्याकडे तोंड करून बोलत होते, म्हणून त्यांचे ओठ दिसले. दात मिटून, ओठ पुढे काढून त्यांनी तो श म्हटला. मला ऐकू आलं ते 'आई'. मागच्या वेळी माझी मीच त्याला पुढे एक अक्षर लावून घाई केली होती. मला घाई होती म्हणून मला घाई ऐकू आली.

त्या क्षणी मला जेवढा राग आला तेवढा पूर्वी कधी आला नव्हता, आणि तो काढायला कोणी नव्हतं. मामांची चूक नव्हती. त्यांनी विचारलं होतं. मी हो म्हणालो होतो.

"काढून टाका," मी म्हटलं. "कोंगोला शाई नसते, मामा."

"नसती? मग अर्धवट वाद्य हाय ते. बिनशाईचं पान आमच्या दुकानातनं बाहेर जात नाय. पोराला नागडं रस्त्यावर सोडतं का कोणी?" त्यांनी बोटानं कडेला टिचकी मारली, मग मधे थाप मारली. बोळातले दोघे-तिघे एकदम "व्वा!" म्हणाले. भांड्यांच्या दुकानातला माणूससुद्धा ठोकायचं थांबवून वळला. मामा माझ्याकडे बघत होते, मी काय म्हणतो म्हणून.

मी काय म्हणणार? मला काही ऐकूच आलं नव्हतं. मी म्हटलं, "छान." रिक्षात कोंगो घातले आणि निघालो.

खरं तर त्याच वेळी घरी जायला हवं होतं. पण रिक्षात बसल्यावर माझ्या मनात एक भलताच विचार आला. सगळे वा म्हणतायत तर आवाज छानच असणार. मला आला नाही तर काय बिघडलं? मला येत नाही हे कोणाला माहीत आहे? हात माझे आहेत, ठेका अंगात आहे, साडूच्या हाताकडे बघत बघत वाजवू. वर्षभर न वाजणारी खंजिरी हलवली, तसंच हे. हो हो म्हणायची सवय माझ्या तोंडाला होतीच, आता ती हातांनाही लागत होती.

आमची तालीम वस्तीतल्या समाजमंदिरात होते. सगळे जमले होते. कोंगो गुडघ्यांना टेकतील असे उभे केले, मी वाजवून दाखवलं, आणि सगळ्यांचे चेहरे खुलले. बेंजोवाल्यानं येऊन शाईवर बोट फिरवलं. साडू काहीतरी बोलला, हाताचा चिमटा करून, म्हणजे गोड आवाज आहे असं. बायको कोरसमधून माझ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं मी निभावलं. साडूचा पेटीवरचा हात, ढोलकीवाल्याचं मनगट, बायकोच्या टाळ्या, जिकडे दिसेल तिकडे बघत मी ठेका धरला. पण हातांखाली काही जिवंत वाटत नव्हतं. शाईवर थाप पडली की टणक, दगडावर पडल्यासारखी. पोटात काही येत नव्हतं, गुडघ्यात काही येत नव्हतं. आपण वाजवतोय की नुसते हात हलवतोय हेच कळेना. दुसऱ्या कडव्यात साडूनं डोळे मिटले, त्याचा हात मला दिसेना, ढोलकीवाला वाकला, आणि माझा धागा सुटला. मी वाजवतच राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. मान वर केली तेव्हा सगळे थांबलेले होते आणि मी एकटाच बडवत होतो.

साडू उठून माझ्याजवळ आला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, खाली वाकला, आणि अगदी हळू, अगदी प्रेमानं काहीतरी बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. पण अर्थ कळायला ऐकायची गरज नव्हती. राहू द्या दादा, पुढच्या वर्षी बघू, दगदग नको. लोक वाईट गोष्ट हळू आवाजात सांगतात, त्यांना वाटतं तेवढीच कमी लागेल. आणि हळू बोललेलं मला ऐकू येत नाही. गेलं वर्षभर सगळे माझ्याशी असं हळू हळू, गोड गोड बोलत होते, आणि मी त्यातलं काहीही न ऐकता मान हलवत होतो. तेव्हाही माझी मान हलायला लागली होती. ती मी थांबवली.

"मला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

बहुतेक मी फार मोठ्यानं बोललो, कारण मागच्या बायका दचकल्या.

"तू काय बोललास ते आलं नाही. हा कोंगोही येत नाही. ढोलकी गेल्या वर्षीच येत नव्हती, म्हणून एवढी चढवली होती. खंजिरी तर कधीच आली नाही. कान गेलेत माझे. कळलं?"

कोणी काही बोललं असेल तर मला माहीत नाही. मी खिशातली किल्ली काढली आणि शाई खरवडायला लागलो. मामांनी मन लावून केली होती ती, सुटता सुटेना. बायको उठली. मला वाटलं मला धरायला येतेय. तिनं पाण्याची बाटली आणली, रुमाल भिजवला आणि दुसऱ्या कोंगोची शाई भिजवत बसली. काळं पाणी सतरंजीवर ओघळलं. शाईचे पापुद्रे सुटले, त्याखालचं पान खरबरीत, डागाळलेलं, एका जागी किल्लीनं पार ओरखडलेलं. ते फार दिवस टिकणार नाही, हे मला दिसत होतं. मग पिशवीतून पाना काढला आणि एकेक बोल्ट थोडा थोडा सैल करत गेलो. मधे मधे थाप मारून बघत होतो. काही नाही. आणखी सैल. काही नाही. आणखी सैल केलं, तेव्हा गुडघ्यात काहीतरी हललं. ओलं, मऊ, ढोबळ. शाईच्या कोंगोला वा म्हणणाऱ्या बेंजोवाल्यानं तोंड वाकडं केलं. त्याला तो आवाज आवडला नव्हता. मला पोटात आला.

"घे," मी साडूला म्हटलं.

तो पेटीवर जाऊन बसला. त्यानं माझ्याकडे बघत बघत सुरुवात केली. मी डोळे मिटून घेतले, कारण आता बघायची गरज नव्हती. पहिलं कडवं झालं. कोरस आला, बायकांच्या आवाजातलं काही मला येत नाही, पण त्या हातानं लादीवर ठेका धरत होत्या, तो माझ्या पायाला लागत होता. दुसऱ्या कडव्यात मी चांगला रंगात आलो होतो, तेवढ्यात पायाखालचा ठेका थांबला. डोळे उघडले. साडूनं पेटी बंद केली होती आणि तो काहीतरी सांगत होता.

"काय?" मी विचारलं. "ऐकू आलं नाही."

तो पुन्हा बोलला.

"नाही आलं. मोठ्यानं बोल."

त्यानं पेटी बाजूला सारली, सतरंजीवरच्या काळ्या पाण्यातून चालत माझ्यापुढे आला आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा ओरडला, "पळालात म्हटलं! दुसऱ्या कडव्यात पळालात! मी मागं राहिलो, तुम्ही पुढं पळाला!"

"मी नाही पळालो. तू रेंगाळतोस. आधीपासून रेंगाळतोस त्या ओळीला."

"मी रेंगाळतो? मी? गाणं माझं हाय की तुमचं?"

"ठेका माझा आहे!"

तो आणखी ओरडला, मीही ओरडलो. वर्षभर हा माणूस मला दादा दादा करून चहा आणून देत होता. आता तो माझ्याशी भांडत होता.